चार नंबरचा खोकला

१२ ऑगस्ट, सोमवार. देवास.

आजपासून रोज लिहिणार. मराठीत, म्हणजे फॅक्टरीत कोणाच्या बापाला वाचता येणार नाही. माझी शाळा हिंदी, तीही आठवीपर्यंत. मराठी माईच्या तोंडून आलेली. चुका होतील. बघणार कोण आहे?

वही तात्यांची, म्हणजे वडिलांची. धारला ते मोटर वाइंडिंग करायचे. जळालेल्या पंख्यात, पंपात नवी तांब्याची तार भरायची आणि कुठे किती वेढे दिले ते वहीत उतरवून ठेवायचं. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. घरातून निघताना हीच वही हाताला लागली. अर्धी कोरी आहे. मी उलटी धरून मागून सुरुवात केली. पुढचं बघायला वेळ नाही.

नोकरी नवी. मसाला आणि सुका मेवा दळायच्या छोट्या मशीन बनवायची फॅक्टरी. माझं खातं टेस्टिंग. सहा मशीन ओळीत. दोन मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद, असं शंभर घंटे पूर्ण होईपर्यंत. कोणती मोटर किती टिकते हे माझं रजिस्टर ठरवणार. इंजिनिअर अंशुल भिया (इथे भैयाला भिया म्हणतात) म्हणाला की बटण दाबायचं, टेम्परेचर बघायचं, लिहायचं. डोकं लावायचं नाही. मोठ्या कामासाठी राखून ठेवायला सांगितलं असणार.

संकल्प: ही नोकरी सोडणार नाही. आधीच्या सहा लोकांनी सोडायला लावल्या, त्या धरत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

धारला माईला फोन केला. सांगितलं, इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये लागलो. खोटं काय त्यात? डिपार्टमेंट तेच आहे.

माई काळा मसाला दळत होती. तिची मशीन तात्यांनी बनवलेली. भंगारातली मोटर, तार स्वतः भरलेली, वर स्टीलचं भांडं. बावीस वर्षं चालली आहे. धारच्या निम्म्या मराठी घरांत आमटीला हाच मसाला पडतो. दळायची माईची पद्धत अशी: वीस मोजायचे, बंद करायचं. मोटरीवर हात ठेवायचा आणि घरातल्या बातम्या सांगायच्या. हाताला गार लागली की पुन्हा वीस. तात्या होते तेव्हा शेजारी बसून ते ऐकायचे. आता मोटर ऐकते. माईचं माहेर निसरपूर, ते धरणाच्या पाण्यात गेलं. नसलेल्यांशी बोलायची तिला तेव्हापासून सवय आहे.

आज मी फोनवर असतानाच तिने मशीन थांबवली आणि सांगितलं, “ऐकलंत का, आपला गोलू इंजिनिअर झाला.”

गोलू म्हणजे मी. कागदावर गणोजी. मी दुरुस्ती करणार होतो, पण तोवर मशीन पुन्हा चालू झाली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

तीन मिनिटं फार असतात. आज तीन मिनिटांत बाहेर जाऊन पोहे खाऊन आलो. आलो तर अकरा मिनिटं झाली होती. रजिस्टरमध्ये तीन लिहिली. मोटरला जास्त आराम मिळाला, तिचं नुकसान काहीच नाही.

माझं मत: मोटर मजबूत असेल तर तिला थांबायची गरज नाही. अंशुल भियाला बोललो. तो म्हणाला, “भिया, मोटर चलने से नहीं मरती, गरमी से मरती है.” कॉलेजवाल्यांना पुस्तकाबाहेरचं सुचत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

चार नंबर खोकते.

बाकी पाच बटण दाबलं की सरळ सुरू होतात. चार नंबर आधी खर्र करते, मग जरा थांबून हं, आणि मग फिरते. तात्या रागवायच्या आधी असेच करायचे. खर्र. हं. मग नाव घ्यायचे, गोलू नाही, पूर्ण गणोजी. मग सुरू.

मोटर सुरू होते पण नाव घेत नाही. बंद केल्यावर तीन मिनिटं शांत. आता बोलतील, आता बोलतील असं वाटतं. आज तिन्ही मिनिटं पूर्ण वाट बघितली. पहिल्यांदाच टेस्ट नियमाप्रमाणे झाली.

बोलले नाहीत.

२० ऑगस्ट, मंगळवार

खोलीच्या पलीकडे एक कुटुंब राहतं. सकाळी त्यांचा मिक्सर लागला. खर्र. हं. मी अर्धी दाढी करून कामावर आलो. घाबरलो नाही. उशीर होत होता.

बेंचवर पुन्हा तेच. आज एक्याऐंशी वेळा खोकली. मी मोजलं. शाळेत एवढं मोजलं असतं तर आज कुठे असतो.

२१ ऑगस्ट, बुधवार

चार नंबरची पिन सॉकेटमधून काढून ठेवली. घाबरून नाही. आवाजामुळे बाकीच्या पाचांचं नीट ऐकू येत नव्हतं, आणि टेस्टिंगमध्ये ऐकणं महत्त्वाचं.

तिच्या ओळी भराव्या तर लागणारच. शेजारच्या तीन आणि पाच नंबरचं टेम्परेचर बघून मधलं लिहितो. थोडं कमीच. कोणाचं वाईट कशाला लिहायचं?

२६ ऑगस्ट, सोमवार

जन्माष्टमीची अर्धी सुट्टी. टेकडीवर देवीला जाऊन आलो. पायऱ्या चढताना मागून कोणी खोकलं. वळलो नाही. एक म्हातारे काका होते. म्हणजे नंतर वळलो.

तात्यांना माझ्याशी काय बोलायचं असणार मला समजत नाही. सगळं रीतसर झालं. ते गेले तेव्हा मी मोहनखेड्याला भोजनशाळेत वाढपी होतो. तीर्थाला मेळा होता, हजारो पानं उठत होती. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता, पण तिथे नेटवर्क नव्हतं. हे मी माईला सांगितलं आहे, बहिणीला, गुड्डीला सांगितलं आहे, सगळ्यांना सांगितलं आहे. मग प्रश्न कुठे येतो?

२ सप्टेंबर, सोमवार

अंशुल भियाने आज रजिस्टर नेलं. परत आला तेव्हा थांबून चार नंबरकडे बघत राहिला. मी चटकन पिन लावून ठेवली होती, बटण बंद. म्हणाला की बाकी पाचही मशीन वर-खाली होताहेत, एक नंबर तर अठ्ठ्याऐंशीला गेली, आणि ही रोज एकसष्ट. कधी साठ. क्या बात है.

मी म्हटलं, मी तिच्याकडे विशेष लक्ष देतो.

तो गेल्यावर मीही मागची पानं वाचली. खरंच. दहा दिवस एकसष्ट. असली मोटर मी बघितली नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

माईचा फोन. मशीन हल्ली सुरू व्हायला वेळ घेते. तिने मोटरीला विचारलं, दमलात का. मग मला विचारलं, दमतात का रे? इंजिनिअर म्हणून विचारलं.

पाठीमागून गुड्डी ओरडून म्हणाली की काही नाही, कार्बन झिजलाय, चौकातला माणूस दहा मिनिटांत बदलून देईल. कार्बन म्हणजे मोटरीत घासणारे दोन छोटे तुकडे. माझी ही बहीण बी.एड. करते आहे, मोटरीतलं तिला काय समजणार? मी सांगितलं, हात लावू नका. बावीस वर्षांची मोटर आहे. कार्बनचा प्रश्न नाही, वयाचा आहे.

माईचा आवाज फोनपासून लांब गेला. मोटरीला सांगत होती, गोलू बघतो म्हणाला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. २६ तारखेला दशमी, तात्यांचा पक्ष. त्या दिवशीचा मसाला माई नव्या मोटरीवर दळेल. मोटर चार नंबरची. एकसष्ट डिग्री, शंभर घंटे, माझ्या स्वतःच्या अक्षरात पुरावा. तात्यांच्या मशीनच्या पोटात ती बसवणार. वर भांडं तेच, बटण तेच. माईला थांबावं लागणार नाही. मग तात्या समजून घेतील की पोरगा कामाला लागला, आणि खोकायचं कारण उरणार नाही.

मोजून बघितलं, वहीची अजून नऊ पानं कोरी. मग तात्यांचं अक्षर सुरू होतं. आजपासून बारीक लिहिणार.

१४ सप्टेंबर, शनिवार

शंभर घंटे पूर्ण. चार नंबर पहिली आली. शेठ बेंचजवळ आले आणि चार नंबरला हात लावून गेले. गार होती. ते खूश झाले.

अंशुल भिया म्हणाला की आता सहाही खोलणार, कार्बन किती झिजले ते मोजणार. मी विचारलं, चार नंबर मला घरी न्यायला मिळेल का, आईसाठी. म्हणाला, खोलल्यावर बघू.

२१ सप्टेंबर, शनिवार

तीन मशीन खोलून झाल्या. सोमवारी चार नंबरची पाळी.

२३ सप्टेंबर, सोमवार. बस.

मोटर पिशवीत आहे. पक्षाची सुट्टी टाकली. मोटरीचं सांगायचं राहून गेलं. खोलली की मोटरीचा दम जातो, हे माझं मत, म्हणून वाचवली. परत आल्यावर सांगणार.

इंदूरला बस बदलली. पिशवी मांडीवर. शेजारच्या माणसाने विचारलं काय आहे, मी म्हटलं मोटर. म्हणाला, एवढी घट्ट काय धरली?

२४ सप्टेंबर, मंगळवार. धार.

माईने मला बघितल्या बघितल्या मोटरीला सांगितलं की आला. मग मला बघून म्हणाली, वाळलास.

दुपारी ती देवळात गेली तेव्हा काम काढलं. तात्यांची मोटर बाहेर काढली. वजनदार. तारेवर लाखेचा तपकिरी थर, गाठी इतक्या सारख्या की मशीनने मारल्यासारख्या. तात्यांनी तिच्यात अशी काय जादू भरली होती ते बघायचं ठरवलं. छिन्नीने तार कापली, वेढे मोजत मोजत ओढून काढू लागलो. वेढे कळले की दुसरी तशीच भरता येते.

सत्तेचाळीसपर्यंत नीट गेलं. मग गुड्डी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने विचारलं, हे काय केलंस? मी म्हटलं, अभ्यास. ती चहा ठेवून गेली. सत्तेचाळीस की सत्तावन्न ते विसरलो. उरलेली तार तशीच ओढून काढली.

तात्या मला शेजारी बसवायचे, वेढे मोज म्हणायचे. मी तीसला उठून पळायचो. आज सत्तेचाळीस. प्रगती आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

चार नंबर बसली. एक पट्टी वाकवली, दोन स्क्रू जास्तीचे मारले. बाहेरून ओळखता येणार नाही.

माईला बोलावलं. तिने भांड्यात धने टाकले. मी बटण दाबलं.

खर्र. हं.

मी माईकडे बघितलं. वाटलं, आता ती रडेल किंवा पदर सारखा करेल. ती मान तिरकी करून ऐकत होती. म्हणाली, “हे ते नव्हेत. ह्यांचा खोकला असा नव्हता.”

मी विचारलं, मग कसा होता? तिने करून दाखवला. छोटा, कोरडा, एकदाच. हं नव्हतंच. ती म्हणाली, हं माझ्या वडिलांचं, निसरपूरच्या. तू लहानपणी तेच ऐकून रडायचास.

म्हणजे महिनाभर बेंचवर मी कोणाला घाबरत होतो? घाबरत नव्हतो, पण कोणाला?

वीस झाल्यावर माईचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी धरला. म्हटलं, आता थांबायचं नाही, ही टेस्टेड आहे. ती हात मागे घेऊन उभी राहिली. कोथिंबिरीच्या भावावर काही बोलायला तोंड उघडलं, पण मशीनच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार. मिटलं.

आज दिवसभर घरात बातमी नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार. दशमी.

सकाळी मोरोपंत गुरुजी आले. पाट मांडले, पिंडाचा भात शिजत होता. आमटीचा मसाला ताजा हवा म्हणून माईने सगळं भाजून ठेवलं होतं: धने, तीळ, खोबरं, दगडफूल. गुरुजींसमोर दाखवावं म्हणून मशीन मी ओसरीवरच आणली. म्हटलं, एका दमात सगळं दळून दाखवतो. फॅक्टरीत शंभर घंटे केलंय.

खर्र. हं. सुरू.

वीस झाले. माई म्हणाली, थांब. चाळीस झाले. गुड्डीने सांगितलं की वास येतो. मी म्हटलं, दगडफुलाचा. शंभर झाले. मी मोजत होतो. इतकं मी कधी मोजलं नव्हतं. आवाज बारीक झाला, मग जाड. एकशे साठला भांड्याखालून निळा धूर आला आणि चार नंबर जागेवर बसली.

जळालेल्या लाखेचा वास. तात्यांच्या दुकानाचा वास. लोक जळकी मोटर घेऊन यायचे तेव्हा दारातून हाच आत यायचा.

धुरानं मोरोपंत गुरुजींना खोकला आला. छोटा, कोरडा, एकदाच. हं नाही.

माई त्यांच्याकडे बघत राहिली. मी भिंतीकडे.

मसाल्याला धूर लागला. कडू झाला. आमटी शेजारच्या घरातून मागून आणलेल्या मसाल्यावर झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात दुसऱ्याचा मसाला. जेवताना गुरुजी म्हणाले, छान आहे.

नंतर माईने विचारलं, जुनी कुठे आहे? एवढंच. मी पिशवीतून तारेचा गुंता दाखवला. तिने तो हातात घेतला. बराच वेळ धरला, मोटरीवर ठेवायची तसा हात ठेवून. काही बोलली नाही त्याच्याशी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अंशुल भियाचा फोन. ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, “सौ घंटे चली मोटर का कार्बन घिसता है, भिया. फोटो खींच के भेज.”

खोलून बघितली. तार काळी कोळसा. कार्बन जवळजवळ नवे कोरे. फोटो पाठवला नाही. सांगितलं, इथे नेटवर्क नाही.

तो म्हणाला, नेटवर्क नाही तर मग तू बोलतो कसा आहेस?

मी फोन ठेवला. हा प्रश्न दोन वर्षांत कोणीच विचारला नव्हता.

२८ सप्टेंबर, शनिवार

कोरी पानं संपली. हे अर्धंच उरलं आहे, समोर तात्यांचं पान. उलटं दिसतं. वही फिरवून वाचलं. मला मराठी वाचायला वेळ लागतो, त्यात त्यांचं अक्षर तिरपं. म्हणून पूर्ण उतरवून घेतो.

“घरची मसाल्याची मशीन, पुन्हा भरली. तार अठ्ठावीस गेज. दोन्ही बाजूंना एकशे अडतीस वेढे. जाड तार भरता आली असती, मुद्दाम भरली नाही. तापते, म्हणून वीस मोजून थांबावं लागतं. मशीन थांबली की ती बोलते. नाहीतर दिवसभर गप्प. माहेर बुडाल्यापासून अशीच.”

दीड महिना मी ह्याच वहीत लिहितो आहे. मागून.

नोकरीबद्दल काय करायचं ते सोमवारी बघू. आता माईने वरून खलबत्ता काढला आहे. ऑर्डरी नवरात्रापर्यंत द्यायच्या आहेत. मी म्हटलं, मी कुटतो, दिवसभर कुटतो, मजबूत माणूस आहे. तिने बत्ता माझ्या हातात दिला. स्वतः समोर बसली आणि मोजायला लागली.

सतराला माझा हात भरून आला. थांबलो. ती गप्प. आता इथे मोटर नव्हती. बोलायचं तर मलाच होतं.

मी सांगितलं, “माई, मोहनखेड्याला त्या दिवशी नेटवर्क होतं. तात्यांचा फोन तीन वेळा वाजला. मी कापला.”

तिने खलबत्त्यातलं बोटाने वर-खाली केलं, खोबरं अजून जाड होतं. म्हणाली, “माहितेय. ह्यांना मी तेव्हाच सांगितलं.”

मी विचारलं, ते काय म्हणाले?

ती म्हणाली, काय म्हणणार, गार झाले. चल, वीस.

आजची नोंद, खरी:
पहिली पाळी सतरा. दुसरी चौदा. तिसरी अकरा, मग गुड्डीने बत्ता घेतला.